वाचकांचे प्रश्न : पुढे डिस्क, मागे ड्रम

प्रश्न : माझ्याकडे 1950 च्या दशकातील पिकअप ट्रक आहे. लांब उतारावर त्याचे पुढचे ड्रम ब्रेक तापून निकामी होत, म्हणून तयार किट आणून पुढच्या चाकांना डिस्क बसवल्या. मागचे ड्रम आणि पायाखालचा, चेसीवरचा जुना मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणारा) तसाच ठेवला आहे. आता पेडल फार जड लागते आणि थोडे अंतर गेल्यावर पुढची दोन्ही चाके तापून ब्रेक सुटेनासे होतात. कॅलिपर (डिस्कला पॅडने आवळणारे भाग) सदोष असतील का?

उत्तर : दोन्ही कॅलिपर एकाच वेळी बिघडणे अशक्य नाही, पण आपल्या वर्णनावरून संशय प्रथम मास्टर सिलिंडरवर जातो. ड्रमसाठी बनवलेल्या अशा जुन्या सिलिंडरमध्ये बहुधा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, जो पेडल सोडल्यावरही नळीत सुमारे 10 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब धरून ठेवतो. त्यामुळे चाकातील शू, म्हणजे ड्रमला आतून घासणारे भाग, ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचे रबरी कप भिंतीला टेकलेले राहतात व हवा आत ओढली जात नाही. शू मागे खेचायला भक्कम स्प्रिंग असल्याने ड्रममध्ये या दाबाचा उपद्रव होत नाही. कॅलिपरमध्ये मात्र पिस्टनला मागे घेणारी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीचे चौकोनी छेदाचे सील दाबाखाली किंचित वाकते आणि दाब गेला की पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे घेते, इतकेच. नळीत दाब अडकून राहिला की पॅड घासत राहतात, ब्रेक ऑइल तापून प्रसरण पावते आणि चाक आणखी आवळले जाते.

खात्री करणे सोपे आहे. गाडीला उटी लावून आणि पुढची चाके जॅकवर घेऊन, चाक आवळलेले असतानाच मास्टर सिलिंडरवरील नळीचा नट जरा सैल करावा. चाक लगेच मोकळे झाले, तर दाब सिलिंडरपाशी अडकत आहे. तेथे फरक पडला नाही, पण कॅलिपरचा निपल (हवा काढण्याचा स्क्रू) उघडताच चाक सुटले, तर होज (कॅलिपरकडे जाणारी रबरी नळी) आतून फुगून बंद झालेला असतो. आणि निपल उघडूनही सुटले नाही, तरच कॅलिपरकडे वळावे. व्हॉल्व्हला दोष देण्यापूर्वी पेडलच्या पुशरॉडला (सिलिंडरचा पिस्टन ढकलणाऱ्या दांड्याला) एक-दोन मिलिमीटर मोकळीक आहे ना, हेही पाहावे, कारण ती नसल्यास ऑइल परत जाण्याचे छिद्र झाकलेले राहते आणि लक्षणे हुबेहूब अशीच दिसतात.

व्हॉल्व्ह काढून टाकला की काम भागेल, असे कोणी सुचवील. पण एकाच नळीवर चालणाऱ्या सिलिंडरमध्ये तो काढल्यास मागच्या ड्रमचाही दाब जातो. म्हणून दोन स्वतंत्र भागांचा मास्टर सिलिंडर बसवणे हाच योग्य उपाय आहे, शिवाय एक नळी फुटली तरी निम्मे ब्रेक शाबूत राहतात. मागच्या नळीवर 10 पीएसआयचा व्हॉल्व्ह द्यावा. आपला सिलिंडर कॅलिपरपेक्षा खाली असल्याने पुढच्या नळीवर 2 पीएसआयचा लागेल, नाहीतर उभ्या गाडीत ऑइल सिलिंडरकडे उतरेल.

पेडल जड होण्याचे कारण वेगळे आहे. ड्रम फिरताना पुढचा शू स्वतःच ड्रमवर आणखी दाबला जाऊन ब्रेकचा जोर वाढवतो. डिस्कमध्ये ही आयती मदत नसल्याने तेवढ्याच परिणामासाठी दाब अधिक लागतो. इंजिनच्या निर्वाताने पेडलला जोर देणारा व्हॅक्यूम बूस्टर हा सरळ मार्ग आहे, मात्र इंजिन डिझेल असेल तर त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप हवा. बूस्टर नको असल्यास कमी व्यासाचा सिलिंडर घेता येतो, पण पेडलचा प्रवास लांबतो. रिकामा ट्रक मागे हलका असतो, तेव्हा मागच्या नळीवर दाब कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह बसवून, मोकळ्या सरळ रस्त्यावर मागची चाके आधी जाम होत नाहीत ना, ते तपासावे.

प्रश्न : डिस्क बसवल्यापासून कितीही वेळा हवा काढली तरी पेडल मऊच राहते. काय करावे?

उत्तर : कॅलिपरचा निपल कोठे आहे, ते पाहा. तो खालच्या बाजूला असेल, तर डावा व उजवा कॅलिपर अदलाबदल होऊन बसले आहेत आणि हवा वरच्या भागात अडकून राहते. दोन्ही बदलून निपल सर्वांत वर येईल असे बसवा, होज कॅलिपरला जोडणाऱ्या बँजो बोल्टला नवे तांब्याचे वॉशर घाला आणि मगच हवा काढा.