आपलं शरीर स्वतः अँटिबायोटिक बनवतं का? मग त्याचीच औषधं का नाही बनवत?

हो, बनवतं. त्यांना अँटिमायक्रोबियल पेप्टाइड म्हणतात, म्हणजे साधारण १० ते ५० अमिनो ॲसिडची (प्रोटीन ज्यांपासून बनतं ते घटक) छोटी साखळी. आपल्या त्वचेत, आतड्यात, पांढऱ्या पेशींत डिफेन्सिन नावाची अशी पेप्टाइड असतात, शिवाय एलएल-३७ नावाचं एक आहे ज्यात बरोबर ३७ अमिनो ॲसिड असतात.

काम कसं करतं ते मला फार भारी वाटतं. यातल्या बहुतेकांवर पॉझिटिव्ह चार्ज असतो आणि बॅक्टेरियाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर निगेटिव्ह, त्यामुळे ते जाऊन तिथेच चिकटतात आणि मेम्ब्रेनला, म्हणजे त्याच्या आवरणाला, भोकं पाडतात, आतलं सगळं बाहेर गळतं आणि बॅक्टेरिया मरतो. आपल्या पेशींची बाहेरची बाजू बरीचशी न्यूट्रल असते, वर कोलेस्टेरॉलही असतं, म्हणून त्या बऱ्यापैकी वाचतात.

१९८७ मध्ये मायकेल झॅसलॉफ या शास्त्रज्ञाला बेडकांच्या त्वचेत मॅगेनिन नावाचं असंच पेप्टाइड सापडलं. ऑपरेशननंतर ते बेडूक अस्वच्छ पाण्यात राहूनही जखमा चिघळत नव्हत्या, तिथून त्यांना शंका आली. किती साधं निरीक्षण!

औषध बनवणं मात्र अवघड, कारण शरीरातले एन्झाइम पेप्टाइड पटकन तोडतात, डोस वाढवला तर आपल्याच पेशींना त्रास होऊ शकतो आणि बनवायला खर्चही जास्त येतो. तरी कोलिस्टिन बॅक्टेरियापासूनच मिळालेलं पेप्टाइड आहे आणि बाकीची औषधं चालेनाशी झाली की डॉक्टर ते वापरतात, पण किडनीला जपावं लागतं.

आणि हो, या पेप्टाइडना रेझिस्टन्स येतच नाही, म्हणजे बॅक्टेरिया त्यांना सरावतच नाहीत, असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे, कोलिस्टिनला दाद न देणारे बॅक्टेरिया आधीच आहेत.