वाचकांचे प्रश्न : ग्रीनहॅम कॉमनची धावपट्टी

प्रश्न : क्षेपणास्त्रांमुळे गाजलेला इंग्लंडमधील ग्रीनहॅम कॉमन हा हवाई तळ आता गुरांचे कुरण आहे, हे खरे का?

उत्तर : होय. न्यूबरीजवळचे हे सामाईक माळरान दुसऱ्या महायुद्धात ताब्यात घेऊन तेथे तळ उभारला गेला. ५ जून १९४४ च्या संध्याकाळी नॉर्मंडीकडे निघालेल्या अमेरिकी छत्रीधारी सैनिकांना जनरल आयझेनहॉवर येथेच भेटले होते. १९५० च्या दशकात अवजड बॉम्बर विमानांसाठी धावपट्टी सुमारे १०,००० फूट लांब करण्यात आली. १९८३ मध्ये मात्र येथे अमेरिकेची अण्वस्त्रधारी क्रूझ क्षेपणास्त्रे आली आणि तळाचे स्वरूपच पालटले, कारण ती विमानातून नव्हे, तर रस्त्याने दूर नेलेल्या वाहनांवरून डागायची असल्याने एवढी लांब धावपट्टी जवळजवळ बिनकामाची ठरली. तत्पूर्वी १९८१ पासूनच महिलांनी कुंपणाबाहेर शांतता छावणी मांडली होती. तरी क्षेपणास्त्रे हटली ती मुख्यतः १९८७ च्या अमेरिका-सोव्हिएत करारामुळे, असे आम्हाला वाटते. शेवटची क्षेपणास्त्रे १९९१ मध्ये गेली. पुढे धावपट्टी फोडण्यात आली आणि २००० मध्ये माळरान जनतेला खुले झाले. क्षेपणास्त्रांची मातीने झाकलेली, गवताळ पाठीची सहा कोठारे संरक्षित स्मारक म्हणून अजूनही उभी आहेत.