वाचक विचारतात : कोपनहेगनचा न्यूहाउन काठ

प्रश्न : जूनअखेरीस कोपनहेगनला तीन दिवस आहोत. रंगीत घरांच्या त्या न्यूहाउन कालव्यासाठी किती वेळ ठेवावा? सकाळी जावे की संध्याकाळी? (गंगापूर रोड)

उत्तर : हा काठ अर्धा किलोमीटरही लांब नाही. नुसते चालत गेलात तर दहा मिनिटांत संपतो, तेव्हा अख्खा दिवस त्याच्या नावावर लिहू नका. दोन तास पुरेत, पण ते संध्याकाळचे ठेवा. कालवा साधारण पश्चिमेकडून पूर्वेला बंदराकडे जातो आणि रंगीत घरांची रांग उत्तर काठावर, दक्षिणेकडे तोंड करून आहे. दुपारनंतर ऊन थेट या भिंतींवर येते. जूनअखेरीस सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सातला पोहोचलात तरी काही बिघडत नाही.

फोटोसाठी समोरच्या दक्षिण काठावर नाहीतर कालव्याच्या मधल्या पुलावर उभे राहा. बहुतेक जण उत्तर काठावरच घुटमळतात आणि फोटोत घरांऐवजी हॉटेलांच्या छत्र्या घेऊन येतात. डिसेंबरात जाणाऱ्यांचे गणित वेगळे. तेव्हा भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ११ अंश वर असतो, दक्षिणेकडच्या इमारतींची सावली कालव्यावर लांबवर पसरते आणि पावणेचारपर्यंत सूर्यास्त होतो. तिथे ऊन शोधण्यात अर्थ नाही. नाताळच्या बाजाराचे दिवे लागल्यावरच जावे.

प्रश्न : सोबत ७४ वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. नातू चार वर्षांचा आहे. त्यांना झेपेल का? (इंदिरानगर)

उत्तर : पोहोचणे सोपे आहे. विमानतळाच्या टर्मिनल ३ मधूनच एम-२ मेट्रो सुटते आणि साधारण पाव तासात काँगेन्स न्यूटॉर्व स्थानकावर सोडते. स्थानकात लिफ्ट आहे. वर आल्यावर चौक ओलांडला की कालव्याचे टोक. तिकीट मात्र गाडीत चढण्याआधीच काढा. तपासनीस पर्यटक म्हणून सूट देत नाहीत आणि दंड जबर असतो.

त्रास पुढे आहे. काठावर दगडी फरसबंदी आहे, तीही उंचसखल. व्हीलचेअर आणि बाबागाडीची चाके त्यात अडखळतात, आणि पाऊस पडून गेला की दगड निसरडे होतात. सासूबाईंना जाड, खाचांच्या तळाचे बूट हवेत, चपला नकोत. दुसरे म्हणजे पाण्याच्या कडेला कठडा नाही. आपल्या गोदाघाटासारख्या पायऱ्याही नाहीत, काठ सरळ पाण्यात तुटतो. नातवाचा हात एका मोठ्या माणसाने धरलेलाच असावा, आणि त्या माणसाने फोटो काढायचे नाहीत.

तिसरी गोष्ट सायकली. कालव्याच्या बंदराकडच्या टोकाला २०१६ साली खुला झालेला पादचारी-सायकल पूल आहे, तो पलीकडे ख्रिस्तियानहाउनला नेतो. त्यावर सायकली वेगात येतात. सायकलींच्या पट्ट्यात थांबून सेल्फी काढला की घंटा वाजते, आणि ती सभ्य शब्दांत वाजत नाही. जहाज जायचे असेल तेव्हा हा पूल मधून सरकून उघडतो, तेवढा वेळ थांबावे लागते.

प्रश्न : बोटीची सहल घ्यावी का? जलपरीचा पुतळा त्यात दिसतो म्हणे. (कॉलेज रोड)

उत्तर : दिसतो, पण पाठमोरा! जलपरी काठावर बसलेली आणि बोट तिच्या मागून पाण्यातून जाते. चेहरा पाहायचा असेल तर चालत जा. न्यूहाउनहून बंदराच्या कडेकडेने, आमालिएनबोर राजवाड्यावरून सुमारे दोन किलोमीटर, रमतगमत अर्धा-पाऊण तास. राजवाड्यासमोर दुपारी बाराला पहारा बदलतो, ती वेळ साधली तर एका फेरीत दोन कामे होतात.

तरी बोट घ्याच, कारण ख्रिस्तियानहाउनचे अरुंद कालवे पायी तसे कळत नाहीत. फेरी साधारण तासाभराची असते. पूल इतके ठेंगणे आहेत की त्यांच्याखालून जाताना उभे राहता येत नाही. मार्गदर्शक ‘बसा’ म्हणाला की लगेच बसा. उन्हाळ्यातल्या बोटी उघड्या असतात, म्हणून जूनमध्येही वाऱ्याचे जाकीट जवळ ठेवा. खर्च वाचवायचा असेल तर बस-मेट्रोच्या तिकिटावर चालणारी बंदरातली सार्वजनिक बोट आहे. ती मोठ्या पाण्यातूनच जाते, छोट्या कालव्यांत शिरत नाही आणि माहितीही सांगत नाही.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडेही नाही. तिथे काय खावे? घरून काय नेता येईल? (पंचवटी)

उत्तर : काठावरच्या हॉटेलांत तुमचे हाल होतील आणि बिलही मोठे येईल. तिथली खासियत म्हणजे राईच्या काळ्या पावावर हेरिंग मासा. बटाट्याचे काप घातलेला पाव मिळतो, पण त्यावर मेयॉनेज असते, म्हणजे अंडे आले. कधी वर बेकनचे तुकडेही पेरतात. चीजमध्ये प्राणिज रेनेट (दूध फाडण्यासाठी वासरांच्या जठरातून काढलेला पदार्थ) असू शकते. सरळ सुपरमार्केटातून पाव, हमस (काबुली चण्यांची चटणी), फळे घ्या आणि काठावर बसून खा. स्थानिक लोकही तेच करतात, त्यात कमीपणा काही नाही. नळाचे पाणी पिण्याजोगे असते, बाटल्या विकत घेऊ नका. हॉटेलात बसलातच तर सेवाशुल्क बिलात धरलेले असते, टीप सक्तीची नाही. पैसे डॅनिश क्रोनमध्ये, बहुतेक ठिकाणी कार्डाने. यंत्राने ‘रुपयांत की क्रोनमध्ये’ असे विचारले तर क्रोनच निवडा. रुपयांचा दर ते स्वतःच्या फायद्याचा लावतात.

घरून चिवडा, भाकरवडी, दशम्या न्या, पण दशम्या दुधाशिवाय भिजवलेल्या. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात नेता येत नाहीत, म्हणजे पेढे आणि तूपही नको. ताजी द्राक्षेही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. मनुका चालतात.

प्रश्न : मुलांना अँडरसनच्या परीकथा शिकवते. त्याचे घर नेमके कोणते? (देवळाली कॅम्प)

उत्तर : एक नाही, तीन. तो १८, २० आणि ६७ क्रमांकांच्या घरांत वेगवेगळ्या काळात राहिला. सम क्रमांक दक्षिण काठावर आणि विषम उत्तरेला, हे माहीत असले की शोधाशोध होत नाही. २० क्रमांकात राहत असताना त्याने ‘राजकन्या आणि वाटाणा’सारख्या सुरुवातीच्या कथा लिहिल्या. उत्तर काठावरच ९ क्रमांकाचे १६८१ चे घर आहे, या रांगेतले सर्वांत जुने. कालवा त्याच्या थोडा आधी, पाचव्या ख्रिस्तियान राजाच्या काळात, १६७०च्या दशकात खोदून झाला. चौकाकडच्या टोकाला मोठा नांगर दिसेल. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या १७००हून अधिक डॅनिश खलाशांचे ते स्मारक आहे, १९५१ चे. त्याच्यावर चढून फोटो काढू देऊ नका.

प्रश्न : व्हिसा कोणत्या देशाचा काढावा? स्वीडनही करणार आहोत. (सिडको)

उत्तर : शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा, एकच, पण अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे. दिवस समान असतील तर जिथे पहिला प्रवेश त्या देशाकडे. हॉटेलची बुकिंगे याच्याशी जुळली नाहीत की अर्ज अडकतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला नेहमी १५ दिवस लागतात, पण ते ४५ पर्यंत लांबू शकतात. तिकिटे त्या हिशेबाने काढा. प्रौढांचे शुल्क ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जायचे असेल तर सकाळी लवकरची वेळ घेऊ नका, कसाऱ्याचा घाट आणि मुंबईची वाहतूक धरून चला.