आत्याचा फोन का थांबला?

ताई, माझं वय ४४. वडील ७६ वर्षांचे, आमच्याजवळच राहतात. काही महिन्यांपूर्वी मी मोठा स्मार्ट टीव्ही घेतला आणि केबल काढून टाकली, कारण बाबा सोडून घरात कुणीच चॅनल लावत नव्हतं. बाबांची मालिका अ‍ॅपवर आहे. हवी तेव्हा लावा, हवी तिथे थांबवा, जाहिराती नाहीत. रिमोट कसा वापरायचा तेही मोठ्या अक्षरांत लिहून दिलंय. तरी बघत नाहीत. दोन-तीन भाग अर्ध्यावर सोडले, आता म्हणतात, ‘त्यात काही राम राहिला नाही.’ आठ वाजले की हॉलमध्ये येऊन बसतात आणि थोड्या वेळाने खोलीत निघून जातात. एक बरं झालं, मालिका संपली की आत्याचा अर्धा-पाऊण तास फोन चालायचा (तिच्याकडे अजून केबल आहे), तो बंद झाला. नाहीतर मॅच असली की आम्हाला काही ऐकू यायचं नाही. आता ठरल्या वेळी चॅनल कोण बघतं? एवढं करून मीच वाईट ठरतोय. हा हट्ट कसा घालवू?

उत्तर

हट्टाचं राहू द्या. ‘एक बरं झालं’ म्हणून तुम्ही जे जाता जाता लिहिलंय, ते वाचून मला फार वाईट वाटलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

आठ वाजता दोन घरांत एकच प्रसंग चालू असायचा. सासूने कपाट उघडलं, तिच्या हाताला कसलासा कागद लागला, आणि भाग संपला. लगेच इकडे फोन. ‘बघितलंस ना? मी म्हटलं नव्हतं?’ त्यावर बाबा म्हणणार, ‘अगं, तो कागद खोटा असणार.’ पाच मिनिटांत मालिका बाजूला पडायची आणि मग गुडघे, बदललेली गोळी, कोण आजारी आहे, कोण गेलं. या वयात रोज नुसतं ‘काय विशेष?’ विचारायला कुणी फोन करत नाही, कारण विशेष काही नसतंच आणि बोलणं तिथेच खुंटतं. निमित्त लागतं. या बहीण-भावाला ते रोज साडेआठला आयतं मिळत होतं.

तुम्ही बाबांना मालिका दिलीत, पण वेळ काढून घेतलीत. मंगळवारचा भाग ते गुरुवारी बघणार असतील, तर आत्याने बुधवारी काय बोलायचं? पुढचं सांगावं तर बाबांची मजा जाते, न सांगावं तर बोलायलाच काही उरत नाही. दोघं चार-दोनदा अडखळली असतील आणि मग फोन थांबला असेल. राम निघून गेला तो यातून. मोठ्या अक्षरांतला कागद त्यावर काय करणार?

आणि याला म्हातारपणाचा हट्ट म्हणू नका. मॅच तुम्ही दुसऱ्या दिवशी सावकाश, हवी तिथे थांबवत का बघत नाही? निकाल आधी कळला तर जीव जातो म्हणून, आणि मित्रांबरोबर त्याच क्षणी ओरडायचं असतं म्हणून. तरुणांचंही तेच. नेटफ्लिक्सने २०१३ मध्ये आपल्या मालिकेचा अख्खा सीझन एका दिवशी देऊन टाकला, तेव्हा ठरलेल्या वेळेचे दिवस संपले असं खूप बोललं गेलं. पण २०१९ मध्ये डिस्ने प्लस आलं ते आपली मोठी मालिका आठवड्याला एक भाग या जुन्याच पद्धतीने दाखवत. आठवडाभर लोक त्या एका भागावर बोलत राहतात, त्याची किंमत त्यांना कळते. खुद्द नेटफ्लिक्स २०२५ पासून दर आठवड्याला डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्त्या थेट दाखवतं.

चॅनल कोण बघतं, तेही सांगते. अमेरिकेत टीव्हीच्या पडद्यावर काय बघितलं जातं हे मोजणाऱ्या नील्सनच्या आकड्यांत मे २०२५ मध्ये स्ट्रीमिंगने चॅनल आणि केबल या दोघांच्या बेरजेला पहिल्यांदाच मागे टाकलं. ४४.८ टक्के विरुद्ध ४४.२. म्हणजे तिथेसुद्धा जवळजवळ निम्मं बघणं चॅनलवरच होतं, आणि त्यात वयस्कर माणसं सगळ्यांत जास्त. तुम्हाला, बायकोला घरी यायची वेळ धड नसेल, अ‍ॅप सोयीचं पडत असेल, खुशाल वापरा. बाबांना मात्र आठ वाजताचंच हवंय.

या आठवड्यात केबल परत घ्या. बाबांना विचारत बसू नका, ‘कशाला उगाच खर्च’ एवढंच म्हणतील. अ‍ॅपवरच थेट चॅनल लावून देतो, अशी पळवाटही काढू नका. इंटरनेटवरून येणारं थेट प्रक्षेपण बरेचदा केबलच्या काही सेकंद, कधी अर्धा मिनिटही मागे असतं. तिकडे भाग संपून आत्याचा फोन वाजेल तेव्हा इकडे सासूचा हात अजून कपाटातच असेल.

राहिलं तुमचं ‘वाईट ठरणं’. तुमच्या पत्रात तरी बाबांनी तुम्हाला एका शब्दाने दुखावलेलं दिसत नाही. ते बिचारे उठून खोलीत जातात.

केबल सुरू झाली की आत्याला आदल्या दिवशी कळवा, म्हणजे तीही आठला तयार बसेल. पहिल्या रात्री भाग संपला की नंबर तुम्ही लावा आणि फोन बाबांच्या हातात द्या. तिथून पुढे सव्वानऊपर्यंत हॉल त्यांचा. मॅच असेल तर तुम्ही ती मोबाइलवर बघा, हेडफोन लावून.