डोंगर, शेत आणि माळ: जागा बदलली की जंगली टर्कीची शिकार किती बदलते?

तुम्ही लिहिलंय की टेक्सासला राहता, मिसूरीच्या मित्राने एप्रिलमध्ये टर्कीच्या शिकारीला बोलावलंय, आणि विचारलंय की डोंगरातली शिकार खरंच वेगळी असते का, की कॉल, म्हणजे टर्कीचा आवाज काढायचं साधन, चांगला वाजवता आला की झालं. वेगळी असते, खूपच वेगळी. मी मूळचा साताऱ्याकडचा, आता बरीच वर्षं कॅन्सस सिटीजवळ राहतो, आणि दर वसंतात टर्कीसाठी सुट्टी राखून ठेवतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. वसंतातला सीझन नराचा असतो. पहाटे नर झाडावर बसल्या बसल्या ओरडतो, त्याला गॉबल म्हणतात, आणि मादी तो आवाज ऐकून त्याच्याकडे चालत जाते. आपण मादीचा आवाज काढून नरालाच आपल्याकडे बोलावतो, म्हणजे त्यांची रीत आपण उलटी करतो, म्हणून तो थोडा पुढे येतो आणि मग पिसारा फुलवून उभा राहतो की आता तू ये. जिथून आवाज आला ती जागा त्याला ८० यार्डांवरून स्वच्छ दिसली आणि तिथे मादी नाही, तर तो तिथेच थांबणार. आणि शॉटगनचा बार डोक्या-मानेवर नीट बसायला ४० यार्डांच्या आत पक्षी लागतो. तर बसायची जागा अशी पाहिजे की त्याला ती दिसेपर्यंत तो तुमच्या रेंजमध्ये आलेला असेल. माझ्या मते डोंगर असो, शेत असो, माळ असो, सगळा खेळ या एका गोष्टीचा आहे, कॉल त्यानंतर.

मला हे कळायला दोन सीझन गेले. दक्षिण मिसूरीत ओझार्कचे डोंगर आहेत, तिथे मार्क ट्वेन नॅशनल फॉरेस्टचं पब्लिक लँड, म्हणजे सरकारी जमीन आहे, ओक आणि हिकरीचं रान. आपल्या सह्याद्रीएवढी उंची नाही पण सोंडा आणि घळी तशाच, एकातून एक फुटलेल्या. मी घळीत ओढ्याकाठी बसायचो कारण तिथे आडोसा भरपूर, आणि वर धारेवर नर तासभर ओरडायचा, माझ्या प्रत्येक कॉलला उत्तर द्यायचा आणि मग हळूहळू आवाज लांब जायचा. शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहतात, आयुष्य त्या डोंगरात काढलेलं, त्यांनी ऐकून एवढंच विचारलं की तू त्याच्या खाली होतास की वर? टर्की उतारावरून खाली यायला नाखूश असतो, त्याच उंचीवर किंवा चढून वर यायला तयार असतो. शिवाय मध्ये ओढा, तारेचं कुंपण, दाट काटेरी झुडूप असलं की पलीकडेच अडतो. उडता येतं त्याला, पण मादीसाठी उडायचे कष्ट बहुतेक वेळा घेत नाही.

तिसऱ्या वर्षी अंधारात अर्धा तास वळसा घालून धारेवर गेलो, जिथे धार जरा वाकते आणि पुढचं काही दिसत नाही तिथे एका जाड ओकला पाठ टेकून बसलो. फक्त दोनदा कॉल केला. तो वाकणातून बाहेर आला तेव्हा २५ यार्डांवर होता, डोकं लाल-पांढरं-निळं, छातीवर ती केसांची बट लोंबतेय, आणि माझं हृदय इतकं धडधडत होतं की त्याला ऐकू जाईल असं वाटलं. ती सकाळ मी विसरणार नाही.

डोंगरात आवाजही फसवतो. सीझन सुरू होताना झाडांना पानं कमी असतात, तेव्हा लांबचा गॉबल जवळ वाटतो, आणि मे उजाडला, पानं भरली की शंभर पावलांवरचा पक्षी पलीकडच्या डोंगरावर असल्यासारखा वाटतो आणि आपण उठून चालायला लागतो, तो उडालाच समजा. शंका असली तर बसून राहा.

शेतात उलट आहे. उत्तर मिसूरीत मका-सोयाबीनची शेतं आणि मध्ये झाडीचे पट्टे, तिथे नर उघड्यावर मिरवतो आणि त्याला चहूकडचं दिसतं. नजर फार तीक्ष्ण, जवळजवळ मागचंही दिसतं त्याला, वासाचं मात्र काही खास नाही. इथे डिकॉय, म्हणजे टर्कीची खोटी मादी, कामाला येतो, कारण त्याला मादी डोळ्यांनी बघायची असते. बांधाच्या कोपऱ्यात, सावलीत बसा, डिकॉय २० यार्डांवर लावा आणि शेताच्या मध्यात उभ्या नराकडे रांगत जायचा विचारही करू नका.

पश्चिम कॅन्सस आणि तुमचं टेक्सास म्हणजे रिओ ग्रँड जातीचा टर्की. माळावर मोठी झाडं फक्त ओढ्या-नद्यांच्या काठाला, त्यामुळे रात्री सगळा थवा तिथेच बसतो आणि वर्षानुवर्षं तीच झाडं वापरतो. त्या झाडांखाली जाऊन बार टाकलात तर थवा जागा सोडून जाऊ शकतो, म्हणून थवा सकाळी कुठून बाहेर पडतो ते आदल्या दिवशी लांबून बघून ठेवा आणि त्या वाटेवर एखाद्या उंचवट्याच्या अलीकडे बसा. वारा असला की कॉल थोडा मोठ्याने. आणि हो, टेक्सासात रिओ ग्रँडसाठी फीडरजवळ, म्हणजे दाणे टाकणाऱ्या डब्याजवळ, बसणं चालतं, मिसूरीत टर्कीसाठी दाणे टाकणं बेकायदा आहे, सवयीने चूक होऊ देऊ नका.

एकदा साउथ डकोटाच्या ब्लॅक हिल्समध्येही गेलोय, पाँडेरोसा पाइनचं रान, एप्रिलमध्ये बर्फ पडला होता. तिथला मेरियम जातीचा, शेपटीची कड पांढरट, दिसायला मला सगळ्यात देखणा वाटतो. मूळचा तिथला नाही, १९४८ ते १९५१ च्या दरम्यान न्यू मेक्सिको आणि कोलोरॅडोतून आणून सोडलेला. तो खूप चालतो, म्हणून तिथे धारेधारेने चालत, थांबून कॉल करत, उत्तराची वाट बघत जावं लागतं.

सुरक्षेचं मनापासून सांगतो. लाल, पांढरं, निळं काही अंगावर नको, मोजेसुद्धा नकोत, कारण नराच्या डोक्याचे रंग तेच. पाठीला खांद्यापेक्षा रुंद झाड पाहिजे. गॉबलच्या दिशेने दबकत जाऊ नका, तो दुसरा शिकारीही असू शकतो. एकदा माझ्या कॉलवर एक माणूस झुडपातून सरकत येत होता, मी हात अजिबात हलवला नाही, मोठ्याने ओरडलो, तेच करा.

मिसूरीत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जेमतेम काही हजार टर्की उरले होते. फार्मवर वाढवलेले सोडून बघितले, ते रानात टिकले नाहीत. मग रानातलेच पक्षी जाळ्यात पकडून दुसऱ्या रानात नेऊन सोडले, आणि १९६० साली पहिला वसंत सीझन झाला, तीन दिवसांचा, त्यात ९४ पक्षी मिळाले. आज आपल्याला परमिट मिळतं ते त्या कामामुळे, म्हणून नियम काटेकोर पाळा, वेळा आणि पक्ष्यांची मर्यादा दरवर्षी बदलू शकते, त्या वर्षीचं नियमांचं पुस्तक वाचा.

मित्राची जागा ओझार्कमध्ये असेल तर शिकारीच्या आदल्या संध्याकाळीच पोहोचा, बंदूक गाडीतच ठेवा, धारेवर उभं राहून घुबडाचा आवाज काढा आणि नर कुठल्या झाडावरून उत्तर देतो ते ऐका. पहाटे त्याच्यापेक्षा वरच्या अंगाला पोहोचता येईल अशी वाट तेव्हाच चालून बघा, अंधारात ती सापडत नाही.