टॅग नसलेल्या मशीनचं काय?

प्रिय मित्रा,

अंधेरीच्या ऑफिसात रुजू होऊन आठवडा होत नाही तोच तू बॅकअपच्या वेळापत्रकाचा तक्ता पाठवलास. तक्ता नीटनेटका आहे. पण त्यात आज चालू असलेलीच मशीन, म्हणजे सर्व्हर, आहेत. पुढच्या गुरुवारी डेव्हलपर मंडळी तुला न विचारता एखादा नवा डेटाबेस उभा करतील, आणि तुझ्या तक्त्याला त्याचा पत्ताही नसेल.

म्हणून पॉलिसी, म्हणजे बॅकअप कधी घ्यायचा आणि किती दिवस ठेवायचा हा नियम, मशीनच्या नावाला न लावता टॅगला, म्हणजे मशीनवर चिकटवलेल्या लेबलला, लाव: महत्त्वानुसार गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ. कोण कुठल्या वर्गात बसतं ते तू ठरवू नकोस. अकाउंट्सच्या मॅडमना विचार, ‘किती तासांचं काम पुन्हा टाइप करायला तयार आहात?’ आधी उत्तर येईल, ‘एका मिनिटाचंही नाही.’ मग स्टोरेजचं बिल समोर ठेव, आकडा आपोआप चार तासांवर येतो. तोच तुझा आरपीओ, म्हणजे जास्तीत जास्त किती वेळाचा डेटा गेलेला चालेल ती मर्यादा.

खरी मेख टॅगच नसलेल्या मशीनमध्ये आहे. त्यांना रोजचा बॅकअप आणि तीस दिवसांची साठवण आपोआप लागली पाहिजे. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअर क्लाउडमधल्या ‘अ‍ॅझ्युअर पॉलिसी’त तर विशिष्ट टॅग नसलेल्या व्हीएमवर (आभासी मशीनवर) बॅकअप चालू करणारा नियम तयारच मिळतो. ज्याला बॅकअप नको, त्याने ‘वगळा’ टॅग मागावा, त्यावर मागणाऱ्याचं नाव आणि मुदत असावी. संरक्षण न मागता मिळावं, सूट घ्यायला मात्र अर्ज लागावा.

‘फेल झालं तर मेल येईल’ यावर विसंबू नकोस. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. रोजचा बॅकअप पाहायला गेले, तर तो निघतच नव्हता, कारण डेटाबेस पोस्टग्रेस या सॉफ्टवेअरच्या आवृत्ती ९.६ चा आणि बॅकअपचं साधन ९.२ चं. अपयशाचे मेल निघत होते, पण ते डीमार्कच्या, म्हणजे मेल खऱ्या पाठवणाऱ्याचा आहे का याच्या, तपासणीत अडकून परत फिरत होते. सहा तास आधी कुणीतरी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने (डिस्कच्या त्या क्षणीच्या प्रतीने) वाचवलं, वाचवलं म्हणजे काय, मधला सहा तासांचा डेटा गेलाच. तेव्हा शेवटचा यशस्वी बॅकअप किती जुना आहे ते मोज, आणि मर्यादा ओलांडली की फोन वाजू दे.

बॅकअपची एक प्रत मुंबईत बीकेसीत आणि दुसरी नवी मुंबईत महापेला, याला मी दोन ठिकाणं मानत नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला वीज गेली ती मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडे एकदमच. एक प्रत हैदराबादला जाऊ दे. तिथल्या बकेटला, म्हणजे क्लाउडमधल्या साठवणीच्या कप्प्याला, ऑब्जेक्ट लॉक हे कुलूप कम्प्लायन्स या कडक मोडमध्ये लाव, म्हणजे डेटा ओलीस धरून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरवाल्याच्या हाती अ‍ॅडमिन पासवर्ड लागला तरी मुदत संपेपर्यंत प्रत पुसता येणार नाही. मात्र या मोडमध्ये ठरलेली मुदत रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या, खात्यालाही कमी करता येत नाही, तेव्हा चाचणी एका दिवसाच्या मुदतीवर घे.

साठवणीच्या मुदतीत ‘कायम’ लिहू नकोस. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग (यंत्रणेतल्या घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे आहेत. उलट २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार काम संपलेला वैयक्तिक डेटा पुसायचा आहे, दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितला नसेल तर. लीगलकडून लेखी घे.

या शनिवारी एक गोल्ड मशीन वेगळ्या नेटवर्कवर बॅकअपमधून उभं कर. लॉगिन होऊन मागच्या महिन्याचं एखादं इन्व्हॉइस उघडेपर्यंत किती वेळ लागला ते मला कळव. तुझ्या तक्त्यातला आरटीओचा, म्हणजे बंद पडलेलं काम किती वेळात पुन्हा सुरू झालं पाहिजे याचा, रकाना त्यानंतर भरू.