अमेरिकेत राष्ट्रीय पक्ष आणि राज्य पक्ष एकत्र निधी गोळा करू शकतात का? मग देणगीची मर्यादा कुठे जाते?

हो, करू शकतात. त्यासाठी वेगळी संयुक्त निधी समिती स्थापावी लागते किंवा सहभागी समित्यांपैकी एकीला ते काम द्यावं लागतं, आणि ती समिती फेडरल इलेक्शन कमिशनकडे (केंद्रीय निवडणूक आयोगाकडे) नोंदवलेली असावी लागते. वेगळं बँक खातं, लेखी करार आणि वाटपाचं सूत्र हवं. देणगीदाराकडे पैसे मागतानाच ते सूत्र त्याला सांगावं लागतं.

मर्यादा कागदावर शाबूत राहते, फक्त बेरीज होते. 2016 च्या निवडणुकीतली हिलरी क्लिंटन यांची अशी समिती, हिलरी व्हिक्टरी फंड, पाहा: उमेदवाराला 2,700 डॉलर, राष्ट्रीय समितीला 33,400 आणि 32 राज्य पक्षांना प्रत्येकी 10,000. एकाच चेकवर 3,56,100 डॉलर! 2014 च्या मॅककचन निकालात सर्वोच्च न्यायालयाने एका देणगीदाराने सगळ्या उमेदवारांना आणि पक्षांना मिळून द्यायच्या एकूण देणगीवरची मर्यादा उडवली, म्हणून हे जमलं.

खरी मेख पुढे आहे. पक्षाच्या समित्या आपसात कितीही रक्कम वळवू शकतात. त्यामुळे राज्याच्या नावाने आलेला पैसा राष्ट्रीय समितीकडे जाऊ शकतो, तोही कायदेशीरपणे. माझ्या मते ही सरळसरळ पळवाट आहे. मात्र मोठ्या देणग्या आणि समित्यांमधले व्यवहार आयोगाच्या संकेतस्थळावर दिसतात. कंपन्यांचा आणि परदेशी नागरिकांचा पैसा फेडरल खात्यात (केंद्रीय निवडणुकांसाठीच्या खात्यात) चालत नाही. ग्रीन कार्डवाले मात्र देऊ शकतात.